तिच्या आजोळची वाट

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि मुलीनं आजोळी जायचं काढलं. आजोळ डहाणूच्या पुढे, समुद्रालगतच्या गावात. एरवी तिचे बाबा तिला पोचवायचे, पण मार्चअखेर असल्यानं कंपनीत त्यांना रजा मिळेना. म्हणून मी निघाले. मी तिची सावत्र आई. ती सहावीत असताना तिची आई गेली आणि ती आठवीत गेली तेव्हा मी या घरात आले. तेव्हापासून तिनं मला कुठल्याच नावानं हाक मारलेली नव्हती. "ऐका ना," एवढंच. बोलायची मात्र अदबीनं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सीबीएसच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरली. जव्हारच्या अलीकडे रान पार सुकलेलं, पळस तेवढा फुललेला. "बघ ना," म्हणून मी तिचा हात हलवला. तिनं कानातला इअरफोन काढला, बाहेर पाहिलं, "हो, छान आहे," म्हणाली आणि परत घातला.

डहाणूहून रिक्षा केली, पण पुढे पुलाचं काम चालू होतं. रिक्षावाल्यानं आम्हाला फाट्यावरच उतरवलं. "आता पायीच जा, मावशी."

ती पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, त्यामुळे सावली होती. पाटाशी ती कुणाला न विचारता डावीकडे वळली. इथून तिला कंठ फुटला. "इथं आम्ही कैऱ्या पाडायचो. त्या विहिरीत कासव आहे." "आम्ही" म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

वाडीतून टोपली घेऊन एक बाई येत होती. ती थबकली. "तू मास्तरांची नात ना? केवढी झालीस गं! आणि या कोण?"

मी उगाच पिशवीचा बंद नीट करत राहिले.

"आमच्या घरच्या आहेत," मुलगी म्हणाली.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुलीच्या ओंजळीत तिनं चिकू घातले आणि जाता जाता, आठवण झाल्यासारखा, एक मलाही दिला.

मग सुरूचं बन आलं, पायाखाली वाळू आली. ओहोटी होती. पाणी कुठेतरी लांब गेलेलं. तिनं चपला काढल्या, बॅग माझ्यापाशी टाकली आणि धावत सुटली. गुडघाभर पाण्यात माझ्याकडे पाठ करून ती कितीतरी वेळ उभी होती. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर आम्ही दोघीच, आणि मी सामान राखत बसलेली.

"या ना! पाणी कोमट आहे!" तिनं वळून हाक दिली.

मी सलवार वर खोचून गेले. दोघींमध्ये हातभर अंतर ठेवून उभ्या राहिलो.

"आई पाण्यात यायची नाही. काठावरच बसायची. भ्यायची," ती म्हणाली.

"मलाही भीती वाटते गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून मी तो उचललाही, पण तोवर ती घराच्या दिशेनं चालू लागली होती.

आजींनी मला हाताला धरून झोपाळ्यावर बसवलं. समोर भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता, मी नमस्कार केला. "बरं केलंस, तू आलीस," आजी म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. जेवताना मुलगी आजींच्या ताटातली मासळी उचलत होती, तोंडात घास असतानाच बडबडत होती. आमच्या घरात तिचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

दुपारी मी एकटीच परत निघाले. ती बनापर्यंत सोडायला आली. "पोचलात की फोन करा," म्हणाली आणि उलटी पळाली. पाटाशी मी चुकले, एका माणसाला वाट विचारावी लागली.

निकाल लागला तेव्हा तिनं अकरावी आजोळी राहूनच करायचं ठरवलं. तिचे बाबा तिचे कपडे, पुस्तकं पोचवून आले आणि दोन दिवस जेमतेम बोलले. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "चला, सुटलीस बाई तू." मी तिला बस म्हटलं नाही. गॅसवर दूध आहे असं सांगून दार लावून घेतलं. गॅसवर काहीच नव्हतं.