शीतलचा पिव्हट टेबल

आमच्या फुलचूरच्या ऑफिसात माणसं तीनच. भाऊ म्हणजे मालक, कोडिंगवाली शीतल आणि टेस्टिंगवाला मी. पण किस्से एवढे साचलेत, की चहा निवतो अन् सांगणं संपत नाही!

*

एका राइस मिलची वेबसाइट बनवत होतो. कोणत्या गावातून कोणतं धान किती पोती आलं, ते डेटाबेसमधून काढून एकाखाली एक दाखवलं. मिलचे शेठजी स्क्रोल करून करून थकले.

"अरे भाई, ये तो राशन की लाइन लगा दी! गाँव इधर, धान ऊपर, बीच में बोरे. बस!"

म्हणजे पिव्हट टेबल. शीतल खूश, भाऊ गार!

*

"पिव्हट म्हंजे का वो?" भाऊंनी विचारलं.

शीतलनं दारातल्या चपलांकडे बोट दाखवलं. "नावं उभी, प्रकार आडवे, मधल्या खान्यात आकडा. याचे बूट दोन. माह्या सँडल दोन. तुमची चप्पल एक, सँडल एक..."

ती थांबली. तिघंही दाराकडे पाहत राहिलो.

"भाऊ, सकाळी अंधारात निघाले का?"

*

पहिला टेबल उघडला तर कॉलम संपेचनात! एकाच धानाचं नाव मिलवाल्यांनी जोडून, तोडून, ऱ्हस्व, दीर्घ, जमेल तसं टाइप केलेलं. टेबल बनवणाऱ्या फ्रेमवर्कनं इमानदारीत प्रत्येकाला वेगळा कॉलम दिला. भाऊ उजवीकडे सरकवतच होते.

"अवो शीतल, हा टेबल गाव सोडून पार कोहमाऱ्याले पोहोचला, तरी जाऊनच राहिला!"

शीतलनं नावं एकसारखी केली. टेबल एका स्क्रीनमध्ये बसला. शेठजींनी पेढे पाठवले.

*

त्याच दिवसांत शीतलसाठी स्थळं येत होती. जो तो म्हणे, नोकरी सोड. ती वैतागली. मग तिनं फोनवर विचारून विचारून स्वतःचाच पिव्हट बनवला. मुलांची नावं उभी, तिचे प्रश्न आडवे.

त्यांतलाच मुर्रीचा प्रशांत, आयटीआयमध्ये शिकवणारा, थेट ऑफिसातच भेटायला आला. तिनं सरळ स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. 'नोकरी करू देणार?' खाली त्याचं उत्तर होतं, 'देणारा मी कोण?'

"पण माहा एक खाना रिकामा काऊन?" त्यानं विचारलं.

"स्वयंपाक येते का, हे विचाराचं राहिलं."

प्रशांत उठला, गाडीला किक मारली अन् गेला. रागावला वाटतं! शीतलचा चेहरा उतरला.

जेवायच्या वेळेला तो परत. हातात डबा. वाफाळता भात, वांग्याची भाजी.

"घ्या, टेस्टिंग करा!"

शीतलनं एक घास खाल्ला. कीबोर्ड ओढला अन् बाकी मुलांच्या ओळी एकेक करून डिलीट करू लागली.

भाऊ ओरडले, "अवो, बॅकअप तं घे!"