काट्यावर ऐकलेला आवाज

मथुराबाई मारेगावात अंगणवाडी सेविका. दुपारी पोरं खिचडी खाऊन घरी गेली, की ती आतल्या खोलीत खुर्ची ओढून बसायची आणि फोन उघडायची. चंद्रपूरहून लेकीचा, उर्वशीचा आवाज आलेला असायचा. कधी नुसतं 'जेवली का', कधी दीड वर्षाच्या खुशीची बडबड.

चार वर्षांपूर्वी उर्वशीने संघदीपशी लग्न केलं ते जातीबाहेर. तिच्या वडलांनी, उकंडाने, त्या दिवशी एकच सांगितलं, "या घरात तिचं नाव निघालं नाही पाहिजे." मग खरंच निघालं नाही. पोरीने मात्र आईला फोनवर गाठलं. कॉल करायचा नाही, संदेश पाठवायचा, असं दोघींनी ठरवलं. दिवसभरात संदेश आपोआप पुसला जाईल, ही सोयही उर्वशीनेच करून घेतली. हे बोलणं तुम्हा दोघींशिवाय कोणीच वाचू किंवा ऐकू शकत नाही, असं त्या पडद्यावर लिहून यायचं. त्या ओळीवर मथुराबाईचा मोठा भरवसा होता.

चंद्रपूर काही परदेश नव्हे. वणीला बस बदलली की झालं. पण नातीला तिने अजून हातात घेतलं नव्हतं. अंगणवाडीत दीड वर्षाचं लेकरू वजनाला उचललं, की ते खाली ठेवायला तिला जरा उशीरच व्हायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी उर्वशीचा आवाज रुसलेला वाटला.

"आई, सकाळी पाठवलेलं ऐकलं ना तू? निळी खूण झालती. मंग बोलली काहून नाही?"

मथुराबाईने सकाळपासून फोन पिशवीतून काढलाच नव्हता. अंगणवाडीला कुलूप लावून ती थेट समीक्षाच्या मोबाईल दुकानात गेली.

"समीक्षा, माह्या फोनातलं दुसरं कोणी ऐकून राह्यलं काय?"

"मावशी, वाटेत कोणाचा बापही ऐकू शकत नाही," समीक्षा म्हणाली. "कंपनीलेही ते उलगडत नाही. पण इथं पोचल्यावर ज्याच्या हाती फोन, त्याले सारं दिसते. तुमचा लॉक नंबर कोणाले माहीत आहे?"

"मी कोणाले सांगितला नाही."

"कोणता ठेवला?"

"उर्वशीची जन्मतारीख."

समीक्षाने फोनात एक पान उघडून दाखवलं. मथुराबाईचा नंबर एका कंप्युटरला जोडलेला होता. इकडे आलेला प्रत्येक संदेश तिकडेही उघडत होता.

"बंद करून देऊ? एक बोट लावलं का झालं."

"थांब जराशी," मथुराबाई म्हणाली.

उर्वशीची जन्मतारीख पाठ असलेला दुसरा माणूस घरात एकच होता. उकंडा कापसाच्या जिनिंग कारखान्यात गाड्यांच्या वजनकाट्यावर बसायचा, आणि तिथे कंप्युटर होता.

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीतून लवकर निघाली आणि जिनिंगवर गेली. फाटकापासून कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. काट्याच्या खोलीची मागची खिडकी अर्धी उघडी होती. तिने आत पाहिलं. उकंडाने कंप्युटरचा छोटा स्पीकर हातात उचलून कानाला लावला होता. आवाज अगदी बारीक केलेला, तरी खुशीचं हसणं खिडकीपर्यंत आलं. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. उकंडाने त्याच्याकडे न बघता नुसता हात वर केला, थांब म्हणून. मग तेच हसणं पुन्हा लावलं.

मथुराबाई आली तशी परत फिरली. वाटेत तिला राग आला. चार वर्षं आपण चोरासारखं जगलो आणि हा माणूस घरात तोंड शिवून बसला. घरी पोचेपर्यंत मात्र त्या रागाखालून दुसरंच काही वर आलं होतं. तिने ते कनेक्शन तोडलं नाही.

पण पोरीपासून लपवणं बरं नव्हतं. ती आपल्याच भरवशावर मन मोकळं करत होती. चार-सहा दिवस मनात घोळवून मथुराबाईने अंगणवाडीतून तिला कॉल केला आणि सारं सांगितलं.

"मी तुह्याशी बोलत होती, आई," उर्वशी म्हणाली, "बाबाशी नाही." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर काहीच आलं नाही. मथुराबाई रोज दुपारी पडदा उघडून पाहायची. तिकडे काट्यावरही कोणी पाहत असणार, हे आता तिला ठाऊक होतं. उकंडाचं जेवण कमी झालं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

मग एका दुपारी संदेश आला, आधीच निळा झालेला. आधी खुशीचं ठेचकाळत 'आबा, आबा'. कोणीतरी शिकवलेलं. मागून उर्वशीचा सावकाश आवाज, "पाहावंसं वाटत असन, त घर सापडण्यासारखं आहे."

त्या संध्याकाळी उकंडा नेहमीच्या वेळेला आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. मथुराबाईने भाकरी वाढली. त्याने एक तुकडा मोडला आणि ताटाकडे पाहतच विचारलं, "चंद्रपूरकडे थंडी जास्त असते काय?"

"असते," ती म्हणाली.

"लहान लेकराले त्रास होत असन."

"होते."

तिने घाई केली नाही. वरणाची वाटी तिने त्याच्याकडे सरकवली.