डाव्या कोपरावरचं जेवण

रोमन साम्राज्य बुडालं असं जे म्हणतात, ते लंडनजवळच्या हाउन्सलोला कधी आलेले नसणार. मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो, त्या काकांकडे ते अजून झकास चालू आहे. काका विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या नोकरीतून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून रोमन झाले. अंगाला तेल चोपडून ते चमच्याच्या कडेने खरवडतात, कारण "साबण हा रानटी लोकांचा प्रकार!" चादरीचा टोगा गुंडाळून एकदा दार उघडलं, तर पोस्टमन बिचारा पार्सल टाकून पळालाच. मागच्या उन्हाळ्यात बांगड्याची आतडी मिठात घालून रोमन चटणी मुरवायला अंगणात ठेवली. रोममध्ये ऊन तरी असतं हो, इथे काय? तिसऱ्या आठवड्यात शेजारणीने कौन्सिलला फोन केला. काकू म्हणाल्या, "अहो, तुमचं साम्राज्य घाण मारतंय!"

मार्चमध्ये काकूंचा घोटा मोडला. पाय उंच ठेवून पडून राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. पण अंथरुणात जेवायला काकू काही तयार होईनात. "पडल्या पडल्या खाऊ? शी!" ताट जसंच्या तसं परत. दोन दिवस नुसता चहा आणि रिकाम्या पोटी गोळ्या. तिसऱ्या दिवशी हट्टाने उठल्या आणि दारातच कोलमडल्या. मी धरलं म्हणून वाचल्या. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याच दुपारी काकांनी गादी ओढत आणून काकूंच्या पलंगाला लावली, डाव्या कोपरावर आडवे झाले आणि ताट पुढ्यात घेतलं. "रोममध्ये मोठी माणसं अशीच जेवतात. बसून जेवतात ते नोकर."

"बायकासुद्धा?"

"घरची मालकीण तर आधी!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला रोमचं ओ की ठो कळत नाही, तरी मी जोरजोरात मान हलवली. काकूंनी वरणभात कालवला. पुढचे सहा आठवडे काका असेच जेवले. हाताला मुंग्या, शर्टावर वरण, पण माणूस हटला नाही.

आता प्लास्टर निघालंय, गादी लॉफ्टमध्ये गेलीय. परवा काकू ओट्याशी पोळ्या करत होत्या, आम्ही दोघं टेबलावर. काका हळूच म्हणाले, "अरे, ती पहिला घास नुसत्या लोणच्या-भाताचा घेते. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, मला ठाऊकच नव्हतं. एका वेळी कधी जेवलोच नव्हतो ना आम्ही."

मग मोठ्याने म्हणाले, "अगं, ये ना, बस."

"तुमचं होऊ दे आधी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गरम पोळी वाढली. काकांनी पोळीला हात लावला नाही. काकू येऊन बसेपर्यंत ती पार गार झाली होती.