पडण्याआधीचं हसू

काल सोसायटीच्या गणपतीत पडद्यावर जुना मूकपट लावला होता. त्यातला विनोदवीर कोऱ्या चेहऱ्यानं शिडी चढत होता. तेवढ्यात आमच्या सेक्रेटरींनी माइक धरला. "आता बघा हं, कसा आपटतो!"

सगळे आधीच हसून मोकळे झाले.

"अहो, गप्प बसा की!" मी ओरडलो.

"मुकं काय बघायचं? लोकं कंटाळतात," ते माइकवरूनच म्हणाले.

डोकंच फिरलं. हाडं खिळखिळी करून त्या माणसानं ते पडणं घोटलं असेल, एक शब्द न बोलता. आणि आपल्या लोकांना शांतता म्हणजे एसटीतली रिकामी सीट. दिसली की रुमाल टाकलाच.

हसणं ओसरल्यावर तो पडला. उठला, टोपी झटकली, थेट आमच्याकडे पाहिलं. हसला मात्र नाही. बरं केलं.