एक पाय तांबडा, एक पिवळा

शिवाजी पेठेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना कृष्णात टेलर कोण ते सांगावं लागत नसे. गडहिंग्लजला मामाच्या हाताखाली शिवण शिकून तो नव्वद सालाच्या सुमारास कोल्हापुरात आला आणि तालमींच्या फुटबॉल संघांचे शर्ट शिवता शिवता इथलाच होऊन गेला. कुठल्या तालमीच्या शर्टावरचा पट्टा किती रुंद, हे झोपेतून उठवून विचारा, सांगणार. आणि पोटाला दिलं म्हणून रोज सकाळी मशीनला हात जोडल्याशिवाय पायडलवर पाय ठेवायचा नाही.

तर दोन हजार तीन साली उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या दुकानात क्रांती आली. गडहिंग्लजकडच्या खेड्यातली शेतकऱ्याची लेक, नोकरीला पुण्यात, आणि छंद काय, तर पाठीला पॅराशूट बांधून विमानातनं उडी टाकायचा. तिनं पिशवीतनं एक डगला काढला. शर्ट आणि पॅन्ट एकाला एक जोडलेली, मानेपासून खालपर्यंत चेन, आणि रंग अंगभर काळपट निळा. कुणाचा तरी जुना घेतलेला. बरोबर उडी टाकणाऱ्या बाकीच्यांचेही असेच आहेत, तेवढा माझ्या पायांचा रंग बदलून द्या, म्हणाली.

कारण तिची आई, तानाबाई. कोल्हापूरजवळच्या माळावर चौघांच्या उड्या होणार होत्या आणि तानाबाई पहिल्यांदाच बघायला येणार होती. तिनं एकच अट घातलेली. वरनं येणाऱ्यांत माझी लेक कुठली ते मला खालनं कळलं पाहिजे. नाही कळलं, तर हे उड्यांचं खूळ त्याच दिवशी बंद. क्रांती आभाळातनं उडी टाकेल, पण आईचा शब्द मोडणार नाही, अशातली.

कृष्णातनं आतल्या शिवणीतली एक चिंधी कापून रंगाऱ्याकडं दिली. निळ्यावर पिवळा चढला तो शेवाळासारखा. मग ठरलं, पायांच्या बाहेरच्या बाजूचं कापड उसवायचं आणि तिथं नवं बसवायचं. पण रंग कुठला? ते सांगायला क्रांती आईलाच घेऊन आली.

तानाबाईनं स्टुलावर बसून चहा संपवला, कापडाच्या ठाणांवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "एक पाय तांबडा करा, एक पिवळा."

"आई, मी काय बैल हाय?"

"बैल सांजच्याला घरी तरी येतोय की."

त्याचं असं, की बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, तानाबाईच्या घरच्या बैलांचं एक शिंग तांबडं रंगवत आणि दुसरं पिवळं. गायरानात साऱ्या गावची जनावरं मिसळली तरी बांधावरनं आपलं कुठलं ते लगेच दिसायचं. एक रंग कुणाचाबी असतोय, जोडी आपली असती, असं तिचं म्हणणं.

कृष्णातला हे असं पटलं की त्यानं माप घ्यायच्या आधीच कापड काढलं. तांबडं एका तालमीच्या शर्टांतलं उरलेलं, पिवळं दुसऱ्या तालमीचं. या दोन तालमी एका बाकावर बसत नाहीत, त्या त्यानं एका पॅन्टीत बसवल्या. उसवलेले जुने तुकडे मापाला धरले, खाली जाड अस्तर दिलं, शिलाई दुहेरी घातली. सुटलेली कड दोरीत अडकली तर जिवाशी खेळ, असं क्रांतीनं बजावलं होतं. म्हणून प्रत्येक शिवण त्यानं दोन्ही हातांनी ताणून बघितली आणि शेवटी शालूबाईला, म्हणजे बायकोलाही ताणायला लावली.

उड्यांच्या दिवशी दुकान बंद ठेवून तो माळावर गेला. विमान घरघरत वर गेलं, ठिपके सुटले, छत्र्या उघडल्या. पण सूर्य नेमका त्यांच्या मागं. तानाबाईनं डोळ्यांवर पदराची सावली धरली.

"सगळी काळीच दिसत्यात की वो, मास्तर."

कृष्णातनंही कपाळावर हात आडवा धरून वर बघितलं. माणसं खाली येत होती आणि चौघंही काळीच. एवढ्यात वाऱ्यावर एक छत्री वळली, ऊन समोरनं आलं आणि लोंबकळणाऱ्या दोन पायांतला एक पेटल्यासारखा तांबडा झाला, दुसरा हळदीसारखा पिवळा.

तानाबाईचा हात खाली आला. "ती बघा माझी," एवढंच म्हणाली आणि मान वर करूनच चालायला लागली, ती बघ्यांना अडवायला पुढं बांधलेला दोर पोटाला लागेपर्यंत.

क्रांती उतरली. आईनं तिला ना जवळ घेतलं, ना रागावली. वाकून आधी दोन्ही पायांची धूळ झटकली, गुडघे दाबून बघितले. मग म्हणाली, "फुडची उडी कुठं हाय? सांग. मी येतो."

कृष्णातनं हात जोडले. "आक्का, उपकार तुमचं. रंग तुम्ही सांगितलासा, मी नुसती सुई वढली."

"वढली नसतीसा तर पोरगी आजपास्नं घरातच बसली असती," म्हणत तानाबाईनं त्याच्या हातावर भाकरी ठेवली, वर ठेचा. तिघं तिथंच माळावर बसून जेवली. पुढं आयुष्यभर कृष्णात त्या भाकरीची चव सांगत राहिला.

हात धुऊन क्रांती पॅराशूटची घडी घालायला उठली, तशी तानाबाईही पदर खोचून तिच्या मागं गेली, एवढ्या मोठ्या कापडाची घडी घालतात तरी कशी ते बघायला.