जिजीचा तांब्या

ग्रामसभेला लोक मोकळ्या हातानं येतात. फार तर कोणी अर्ज आणतो, कोणी तंबाखूची पुडी. आमच्या गल्लीतली हिरकण जिजी पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन येत असे. पदरानं झाकलेला तो तांब्या सांडू नये म्हणून ती जपून पावलं टाकत यायची, थेट टेबलापाशी जायची, ग्रामसेवकाच्या पुढ्यातली फाईल बाजूला सारून तांब्या तिथं ठेवायची आणि म्हणायची, "पी ले भाऊ. आमना नळनं पानी शे."

ग्रामसेवकाला गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब तांब्यात वाकून बघायचे, हसायचे आणि आपली प्लास्टिकची बाटली जवळ ओढायचे. "जिजी, लेखी द्या ना. असं पाणी आणून काय होतं?"

"लिखेल कागद तू वाची लेशी. पानी पीसन दखाड."

सभेत हशा पिकायचा. मीही हसायचो. विषय मात्र हसण्यासारखा नव्हता. उसाच्या हंगामात कारखान्याकडं जाणारी एक भरलेली ट्रॉली आमच्या गल्लीतून वळली आणि तिच्या चाकाखाली गटारीचा कठडा खचला. आमच्याकडं नळाचा पाइप गटारीतूनच जातो, तसा तो का नेला हे विचारायला आज कोणी हयात नाही. त्या पाइपाचा सांधा निखळला. तेव्हापासून नळाला आधी काळं पाणी यायचं, मग पिवळं, आणि मग स्वच्छ दिसणारं. जिजीला भीती होती ती या शेवटच्या पाण्याची, कारण लोक तेच प्यायचे.

जिजी माझ्या दुकानासमोर राहायची. आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं. पणजोबा शहाद्याच्या बाजारात आले, आजोबा या गावात. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी बोलत मी मोठा झालो. किराण्याबरोबर मी थंड पाण्याचे जारही ठेवतो. नळ बिघडल्यापासून जार जास्त जाऊ लागले आणि जिजीनं मला चिडवायची संधी सोडली नाही. ओट्यावरून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "गावनं पानी खराब आनि शेठनं दुकान गुलजार!" आणि मग हळूच यायची, "एक जार धाड रे बेटा, ज्योतीसाठे."

ज्योती तिची सून. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. मुलगा कारखान्यात कामाला, हंगाम संपला की मजुरी सापडेल तिकडं. घरात दोन बाया आणि एक जार. जार ज्योतीचा, नळ जिजीचा, अशी जिजीनं वाटणी केली होती. मी एकदा म्हणालो, जिजी, तुम्हीही तेच पाणी घ्या, हिशेब नंतर पाहू. ती म्हणाली, "मन्हं पोट जुनं शे. त्याले सवय शे. सुनले काही नको व्हवाले." पावसाळ्याआधी पाइप गटारीतून वर काढून घ्यायचा, ज्योतीचं बाळ घरात येण्याआधी नळाचं पाणी नीट करायचं, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता.

जिजीच्या घरी कोणीही गेलं तरी आधी पाणी मिळायचं. पोस्टमन असो, मतं मागायला आलेला असो, नाहीतर बांगड्यावाली. "काय काम शे" हा प्रश्न पाण्यानंतर. भांडायला आलेल्या शेजारणीलाही तिनं आधी पाणी दिल्याचं मी पाहिलं आहे. शेजारीण प्यायली, मग दोघी जोरात भांडल्या.

प्रजासत्ताक दिनाच्या सभेत तांब्याला आश्वासन मिळालं. आमच्या सरपंच एक बाई आहेत. त्या डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसतात आणि बोलतात त्यांचे यजमान, आप्पा. आप्पा म्हणाले, "देखू जिजी. निधी उना का करी टाकसूत."

"निधी येवालगून पानी नही पेवानं का?" जिजीनं विचारलं. त्यावर आप्पांनी पुढचा विषय घेतला.

महाराष्ट्र दिनाच्या सभेत तर विषयच निघाला नाही. आमच्या गावची एक रीत आहे: आठवड्यात गावात कोणी गेलं असेल तर सभा सुरू होताच सगळे उभे राहतात, श्रद्धांजली होते आणि सभा तहकूब. त्या वेळी वरच्या आळीतले एक म्हातारे गेले होते. लोक उभे राहिले, डोळे मिटले, चपला शोधून घरी गेले. जिजी भरला तांब्या घेऊन परत निघाली. माझ्या दुकानासमोर थांबून तिनं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. "मरेल मानूससाठे सगळा उभा ऱ्हातस," ती म्हणाली, "जित्तासाठे कोनी हालस नही." एवढी थकलेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

मग ती एसटीत बसून शहाद्याला गेली. पंचायत समितीत कोणाकोणाला भेटली, काय बोलली, ठाऊक नाही. पण तिथून उत्तर आलं. तपासणीला बाहेरून अधिकारी येणार!

इथं आमची गल्ली चुकली. दुसऱ्या कोणत्या गल्लीनं वेगळं काही केलं असतं, असं मला वाटत नाही. आपल्या दारी साहेब येणार म्हटल्यावर बायांनी आदल्या दिवशी गटार उपसली. खचलेल्या जागी मुरूम टाकला. फिनेल शिंपडलं, ओटे सारवले, रांगोळ्या काढल्या. घाण दाखवायला माणूस बोलावला होता आणि घाण दिसली तर आपली अब्रू जाईल म्हणून ती झाकली. मीही दुकानापुढचा उकिरडा हलवला. जिजी तेवढी ओरडत होती, "ऱ्हाऊ द्या वं, त्यासले देखू द्या!" पण ओरडता ओरडता तिनंही आपला ओटा धुऊन काढला.

साहेब म्हणजे एक तरुण मॅडम निघाल्या. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती आणि त्या फाट्यावरून भर उन्हात चालत आल्या होत्या. चेहरा लाल झालेला. त्या जिजीच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आधी थोडं पाणी द्याल का?"

नळाचा तांब्या भरून तयार होता. सकाळपासून जिजीनं तो उंबऱ्यापाशी ठेवला होता. तिनं तो उचलला, मॅडमकडं पाहिलं, परत उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. बाहेर आली ती दुसरा तांब्या घेऊन. मॅडम तो घटाघटा प्यायल्या, पुन्हा मागून घेतला. "पाणी तर छान आहे की हो तुमचं," त्या म्हणाल्या. भाऊसाहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली. जिजी काहीतरी सांगू लागली, उंबऱ्यावरच्या तांब्याकडं बोट दाखवू लागली, पण गटार स्वच्छ होती, गल्ली स्वच्छ होती आणि पाणी मॅडमनी स्वतः पिऊन पाहिलं होतं. नमुना घ्यायची गरज त्यांना वाटली नाही.

त्या गेल्यावर मी रस्ता ओलांडून गेलो. मला राग आला होता. "जिजी, असं काबरं करं?"

ती ज्योतीच्या जारला टेकून बसली होती. "उनमा उनी ती पोर. तोंड कसं लाल व्हयेल व्हतं तिनं. भाऊसाहेब काय पेस नही, हाई माले माहीत व्हतं. ती पी टाकती. दारमा उना मानूसले इख कसं देऊ, शेठ? मन्हावरी व्हयनं नही."

जिजी जिंकली असती तर जिजी राहिली नसती, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी फक्त चिडून परत आलो.

त्यानंतर कोणी तक्रार केली की भाऊसाहेबांकडं एकच उत्तर असे, "मॅडम स्वतः पाणी प्यायल्या ना तुमच्यासमोर." पावसाळा लागला. गटार भरून वाहू लागली. आधी शिंप्याच्या घरात कावीळ निघाली, मग त्याच्या शेजारी, मग रांगेनं. लोक जवळच्या खेड्यातल्या वैद्याकडून काविळीची माळ आणू लागले. मुळ्यांच्या तुकड्यांची ती माळ डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढून गळ्यात येते, असं लोक मानतात. जिजीच्या डोळ्यांत पिवळं दिसलं तेव्हा तिनंही माळ घेतली आणि ज्योतीला आपल्या ताटाजवळ, अंथरुणाजवळ येऊ देईनाशी झाली.

मुलानं तिला शहाद्याला नेलं, तिथून नंदुरबारला. जाताना गाडीत बसण्याआधी ती माझ्याकडं वळली. आवाज खोल गेला होता. "शेठ, जार बंद नको करू." एवढंच बोलली. नंदुरबारहून तिला आणली ती पांढऱ्या चादरीत. मला फार रडू आलं. आईच्या वेळीही मी एवढा रडलो नव्हतो.

स्वातंत्र्यदिनाची सभा त्याच आठवड्यात आली. निम्मी गल्ली गळ्यात काविळीच्या माळा घालून खाली बसली होती. झेंडावंदन होऊन वर टेबल लागलं. आप्पा उठले, गळा साफ केला. "गावच्या ज्येष्ठ रहिवासी हिरकणबाई आपल्यातून गेल्या. त्यांना श्रद्धांजली वाहून आजची सभा तहकूब करण्यात यावी." लोक सवयीनं उभे राहू लागले.

तेव्हा मागून ज्योती आली. पोट एवढं पुढं आलेलं, पावलं जपून टाकत. हातात पदरानं झाकलेला जिजीचा तांब्या. तिनं भाऊसाहेबांपुढची फाईल सारली आणि तांब्या ठेवला. "जिजीना घरनं पानी शे. पी ले भाऊ."

भाऊसाहेब वाईट माणूस नाहीत, हे मी लिहून ठेवतो. नुकतं माणूस गेलेल्या घरातून आलेलं पाणी नाकारायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी तांब्या उचलला आणि ओठांपाशी नेला.

"नको!"

पहिला आवाज सरपंचबाईंचा होता. मग सगळी सभा ओरडली. "नको पी भाऊसाहेब! ठेव खाले!" इतके महिने ज्यांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, ते माळा घातलेले लोक गळा फाडून ओरडत होते. भाऊसाहेबांचा हात तसाच थांबला. त्यांनी तांब्या खाली ठेवला तेव्हा थोडं पाणी फाईलवर सांडलं. ज्योती जागची हलली नव्हती, तिनं त्यांना थांबवलंही नव्हतं.

सरपंचबाईंचा पदर खांद्यावर आला होता. त्या यजमानांकडं न पाहता म्हणाल्या, "सभा चालू ऱ्हाई. पाइपना विषय ल्या."

पाइप बदलला. विसरवाडीकडची दोन माणसं आली. त्यांनी मुरूम उकरला, जुना पाइप उपसला आणि नवा गटारीच्या वरून, भिंतीला धरून नेला. सकाळी सुरू केलं आणि जेवणाच्या वेळेला काम संपलं. हात धुऊन ते जिजीच्या ओट्यावर बसले. त्यांतला मोठा होता त्यानं घाम पुसत विचारलं, "इतलंसंच काम व्हतं. आते लगून काबरं नही करं?"

गल्लीतले सगळे तिथंच उभे होते.

ज्योती आतून तांब्या भरून घेऊन आली आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं जुना पाइप स्वतःच्या हातानं बाहेर काढला होता. तो घेईना. म्हणाला, "नळनं शे का?"

"जारनं शे," ज्योती म्हणाली. "पी ले भाऊ."