छपरावरचा दात

पोलादपूरच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली तेव्हा माझी लेक रमा कडेवर होती, अजून चालतही नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, उमरठच्या पलीकडच्या आमच्या वाडीतून आम्हाला सोडायला आले होते. नवऱ्याला बंगळुरूत नोकरी लागली होती आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली मी आता थेट तिकडेच संसार मांडायला निघाले होते. आबा खिडकीशी उभे होते. माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून ते सारखं कंडक्टरलाच काहीतरी विचारत होते. गाडी सुरू झाली तेव्हा मात्र रमाच्या पायाला हात लावून म्हणाले, "पोर तिकडचीच होऊन जायाची गो." तक्रार नव्हती ती, पण ते वाक्य आंबेनळी घाट चढून माझ्याबरोबर आलं ते आलंच.

आणि तसंच होत गेलं. रमा पहिला स्पष्ट शब्द बोलली तो "लिफ्ट". नकार द्यायला तिने "नको" नाही, कन्नडमधलं "बेडा" उचललं, कारण सांभाळणाऱ्या आंटी तिकडच्या. भात बेडा, आंघोळ बेडा, आणि मी रागावले की कमरेवर हात ठेवून "अम्मा बेडा". मला हसू यायचं, आणि हसता हसता आबांचं वाक्य आठवून आत कुठेतरी टोचायचं. घर सोडून लांब गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत असेल. आपण बदललो याचं काही वाटत नाही, पण पोरं बदलली की धास्ती वाटते.

तीन वर्षांची असताना तिला गावी नेली, तर घाटात डोंगर बघून विचारते, "हे एवढे कुणी ठेवले?" आबांच्या घरात शिरल्यावर मान वर करून पुढचा प्रश्न, "आबांच्या वर कोण राहतं?" कोणी नाही गं, वर नुसतं छप्पर, असं सांगितल्यावर तिला आबांची दयाच आली. आमच्या वरच्या मजल्यावर एक अंकल राहतात, त्यांच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. आबांना तेवढीही सोबत नाही! "माकडं ऱ्हातात की वर," आबा म्हणाले, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. त्याच माकडांनी कौलं फोडून फोडून जेरीस आणलं, म्हणून पुढे माझ्या भावाने मुंबईहून येऊन घरावर पत्रे घातले.

यंदा रमाचा पहिला दात पडला. टिश्यूत गुंडाळून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आता?" शाळेतल्या मैत्रिणीने तिला उशीखालचा दात नेऊन पैसे ठेवणाऱ्या परीचं सांगितलं होतं. मी म्हटलं, आपल्यात दात घरावर टाकतात, म्हणजे नवा लवकर येतो. माझे सगळे दात आबांच्या कौलांवर गेलेत. ती विचारात पडली. "पण आपल्यावर तर अंकल राहतात. त्यांच्या घरात कसा टाकायचा?"  शेवटी दात स्टीलच्या डबीत ठेवला आणि मे महिन्यात डबी घेऊन आम्ही गावी गेलो.

रमाने अंगणातून जोर लावून दात फेकला. पत्र्यावर तो टणकन वाजला, घरंगळला आणि तिच्या पायाशी येऊन पडला. पुन्हा फेकला, पुन्हा खाली. मी फेकला तरी तेच. शेवटी तिने तो उचलून मुठीत घट्ट धरला.  "अम्मा, घराला मी बेडा," ती म्हणाली.

 पत्रा गुळगुळीत असतो गं, असं मी समजावू लागले, पण तिने मूठ उघडली नाही.

आबा पडवीत बसून बघत होते. "शेण कुठं हाय गो?" त्यांनी मला विचारलं. "शेणाच्या गोळ्यात घालून टाकतात ना? तुझी आयस तसाच टाकायची. नुसता दात ऱ्हायल कसा?"

मला लख्ख आठवलं. ओल्या शेणाचा गोळा, त्यात माझा दात दाबणारा आईचा अंगठा. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाकी सगळं मी लेकीला सांगितलं आणि नेमकं शेण विसरले. फ्लॅटमध्ये राहून शेण आठवणार तरी कशाला?

आबांनी शेजारच्या गोठ्यातून ताजं शेण आणलं. रमा आता नाक मुरडणार म्हणून मी पर्समधलं सॅनिटायझर काढून तयार ठेवलं. तिने आधी एक बोट घातलं, "गरम आहे!" म्हणाली आणि चक्क दोन्ही हातांनी गोळा वळायला बसली. आबांनी तिला उचलून धरलं. गोळा पत्र्यावर थप्पकन बसला तो हललाच नाही. नात आणि आजोबा शेणाच्या हातांनी टाळ्या पिटत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

आता रमा आबांना फोनवर विचारते, "माझा दात काय करतो?" आबा सांगतात, "हाय तिथंच, ऊन खातो." पाऊस सुरू होऊन महिना झाला तरी त्यांचं उत्तर तेच आहे. घर म्हणजे आपण राहतो ती जागा, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत होते. आता वाटतं, आपली काहीतरी वस्तू जिथे कुणी सांभाळतंय, तेही घरच.

परवा लिफ्टमध्ये नव्या शेजारीणबाईंनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी अडखळले, तोवर रमाने सांगूनही टाकलं, "मी इथे राहते. माझा दात गावी राहतो."

घरी येऊन मी आबांना फोन लावला आणि हे सांगितलं. पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. आबा म्हणाले, "इचार तिला, दुसरा कधी हलतो."